सारजाबाईची वीतभर भिंत

सारजाबाई मला पहिल्यांदा दिसली ती छपरावर. मी नवी नवरी. वाईहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत अमरावतीला सासरी पोचलेले. परकोटाच्या आतल्या आमच्या गल्लीत गाडी थांबली, मी माप ओलांडायला दारात उभी राहिले आणि पदराआडून मागं वळून पाहिलं, तर समोरच्या घराच्या आढ्यावर एक बाई घोड्यावर मांड टाकावी तशी बसलेली. लुगड्याचा काचा वर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात, गालात तंबाखू. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या सासूबाईंना म्हणाली, "सून बरी हाय वो जोशीनबाई! पन पोरगी उंच हाय आन तुमची चौकट खाली हाय. डोकं फोडून घेईन थे."

सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. मी माप ओलांडलं, त्यांचं तोंड पाहायला मान वर केली, आणि चौकट कपाळाला लागली. माझ्या गृहप्रवेशाची आठवण म्हणून ते टेंगूळ चांगलं आठवडाभर टिकलं. सारजाबाई त्या दिवसापासून मला "सूनबाई" म्हणू लागली आणि आम्ही ती गल्ली सोडली त्या दिवसापर्यंत सूनबाईच म्हणत राहिली.

ते कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला पोचेनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचे दिवस आले. लढाई त्यांची आणि गर्दी आमच्या गल्लीत. मुंबईचे दलाल, गुजराती मुनीम, मारवाडी अडते, कुणा साहेबाचा स्वयंपाकी, सगळ्यांना अमरावतीत पाठ टेकायला जागा हवी. लोकांनी गोठे सारवून भाड्यानं दिले. बैल बाहेर उन्हात उभे आणि आत गव्हाणीशेजारी जरीची पगडी उशाला घेऊन दलाल झोपलेले, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सारजाबाईच्या घरात पुढं दोन खोल्या आणि ओसरी होती, ती भाड्याला. मागं परसदारी एक खोली होती, तिथं ती राहायची. इतर घरवाले एक भाडेकरू बाहेर पडला की त्याचा पाय उंबऱ्यावर असतानाच दुसऱ्याला आत घेत. सारजाबाईचं तसं नव्हतं. भाडेकरू गेला की आधी ती घराला "हात दाखवायची." म्हणजे काय, तर चारही भिंतींचा गिलावा खरवडून काढायचा, गढीजवळून पांढरी माती आणायची, त्यात कुटार, म्हणजे भुसा, घालून पायांनी तुडवायची, नवा गिलावा करायचा, जमीन सारवायची, छपराचे कवेलू काढून पुन्हा शाकारायचे. हे सगळं एकटीनं. गवंड्याला ती उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. बाहेर चार दलाल रांग लावून उभे असले तरी तिची थापी आपल्याच चालीनं चालायची.

"काहून एवढं खरडता?" असं मी एकदा तिच्याच बोलीत विचारलं होतं. मला वाटलं होतं, ती खूश होईल. ती हसून हसून दुहेरी झाली आणि मग म्हणाली, "मागल्या मानसाची बोलनी भिंतीत बसते, सूनबाई. त्यानं घातलेल्या शिव्या, त्याच्या बायकोची किरकिर, सारी. थे खरडल्याबिगर नवा मानूस आत घेतला त बिचारा काही कारन नसताना भांडते."

आणि स्वतः मात्र ती काम करताना भिंतींशी अखंड भांडत असे. उत्तरेची भिंत कायम ओलसर, म्हणून तिचं नाव तिनं 'सासू' ठेवलं होतं. "रड, रड! सारं करून झालं तरी तुहं रडनं काही खुटत नाही," असं म्हणत ती तिच्यावर चिखलाचे गोळे हाणायची. पुढचं दार पावसाळ्यात फुगून अडून बसायचं, त्याला ती 'जावई' म्हणे आणि गोंजारून गोंजारून उघडायची. बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून, कान लावून आतला आवाज ऐकायची तिची सवय होती. आमच्याकडे काही कामानं आली तर बाहेर ओट्यावर बसूनही आमची भिंत वाजवून बघायची आणि मान हलवायची. सासूबाईंना वाटायचं, आता ही काय अशुभ बोलते.

भाडेकरू निवडायची तिची रीत वेगळीच होती. माणूस आला की त्याला नुकत्या सारवलेल्या ओसरीवर बसवायची, पाणी द्यायची आणि आपण तुळशीपाशी काहीतरी करत राहायची. त्यानं पाणी पिऊन तांब्या कुठं ठेवला हे ती पाहायची. ओल्या सारवणावर ठेवून कडं उमटवलं, तर "जागा नाही बापा" म्हणून वाटेला लावायची. हातात धरून "कुठं ठेवू?" असं विचारणारा पास. मुंबईचे बडे बडे दलाल तिच्या तांब्यावर नापास झालेले आहेत.

पण या सगळ्यापेक्षा विचित्र म्हणजे ती वीतभर जागा. घर एवढं आरशासारखं लख्ख करायची, आणि पुढच्या दाराच्या डाव्या हाताला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर वीतभर भिंत गिलाव्यावाचून उघडी ठेवायची. आतल्या कच्च्या विटा दिसायच्या. मला आधी वाटलं, माती कमी पडली असेल. मग कळलं की ही तिच्या नवऱ्याची, दौलतरावांची रीत. ते बैलांचा तांडा घेऊन कापूस पार मिर्झापूरपर्यंत पोचवायचे आणि अधल्यामधल्या महिन्यांत घरी येऊन हे घर बांधायचे. माती तिनं तुडवायची, भिंत त्यांनी उचलायची. शेवटी एवढी जागा राहिली तेव्हा ते म्हणाले होते, "राहू दे. घर पुरं झालं का नजर लागते." पुढल्या फेरीला ते गेले ते वाटेत पटकीनं गेले. ही हकीगत तिनं मला माती तुडवता तुडवता सांगितली. एरवी फटाफट पडणारे तिचे पाय तेवढ्यापुरते हळू पडत होते.

तिला एकच मुलगा, किसन. तो अकोल्याला एका अडत्याकडे कापूस मोजायला होता. कापूस वर चढला तसा किसनही चढला. आधी किसन्या होता, मग किसन झाला, मग किसनराव, आणि एके दिवशी कानात भिकबाळी, बोटांत अंगठ्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या अशा थाटात आमच्या गल्लीत उतरला तेव्हा गाडीवान त्याला किसनशेठ म्हणत होता. आई तेव्हा दारात चिखल तुडवत होती. ती त्याला किसन्याच म्हणाली.

किसन वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. आईनं अकोल्याला आपल्या नव्या घरात येऊन पाटावर बसून खावं, असं त्याला मनापासून वाटायचं. पण अकोल्याची शेठमंडळी "शेठची माय भाडोत्र्यांची घरं सारवते" असं म्हणतात, हेही त्याला तितकंच लागायचं. त्यातून गाठी ठेवायला गोदाम हवं म्हणून एका कापूसवाल्या व्यापाऱ्याचा या जागेवर डोळा होता. घर पाडून पत्र्याचं गोदाम उभं करायचं, असा बेत. घर बापाचं, म्हणजे रीतीनं आता किसनचं. त्यानं मनात आणलं असतं तर तिला उचलून गाडीत घालता आलं असतं. पण आईला रडवून नेली असं गल्लीनं म्हणायला नको होतं. म्हणून तो आमच्या घरी आला आणि आमच्या यांना, म्हणजे गल्लीच्या जोशीबुवांना, मध्ये घालून त्यानं आईला ओट्यावर बोलावलं.

"माय, तू कधी येशीन, थे एकदा सांगून टाक," तो म्हणाला.

"घर अर्धं टाकून कशी येऊ?"

"मंग पुरं कर."

सारजाबाईनं पुढच्या दाराकडे, त्या वीतभर जागेकडे पाहिलं. मग गालातली तंबाखू या बाजूची त्या बाजूला केली आणि म्हणाली, "घर पुरं झालं का त्याच दिवशी माह्या पोराच्या घरी राहाले जाईन. अंबामायची आन."

किसनचा चेहरा फुलला. जोशीबुवांनी साक्षीदार म्हणून मान हलवली. अंबादेवीची शपथ म्हणजे आमच्या गल्लीत शेवटचा शब्द. मला मात्र बाईच्या डोळ्यांतली चमक दिसली होती. मी रात्री यांना म्हटलंसुद्धा, "ही बाई हे घर जन्मात पूर्ण करायची नाही." सारजाबाई दिलेला शब्द अक्षरशः पाळायची, एक केसभरही इकडेतिकडे नाही. तिच्याशी व्यवहार करणाऱ्याचा घात व्हायचा तो यामुळेच.

आता जमनादास मुनीमाचंच बघा. तांब्याच्या परीक्षेत हा कसा पास झाला कोण जाणे. बहुधा त्या दिवशी त्याला तहान नव्हती. राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याचं त्या उघड्या जागेवर बोट. "बाई, ये दिवार अधूरी है. शेठलोग आते हैं, हँसते हैं." सारजाबाई म्हणाली, "पाहतो." आणि दुसऱ्या दिवशी ती जागा दीड वीत झाली. मुनीम ओरडला, तेव्हा हातभर झाली. तो जितका आरडाओरडा करी तितका गिलावा उतरे. अखेर चिडून त्यानं घर सोडायचं कबूल केलं. पण सोडतो म्हणून अकोल्याला गेला तो दाराला आपलं भलंमोठं पितळी कुलूप घालून. जाताना सगळ्या गल्लीसमोर बजावून गेला, "मेरे ताले को किसी ने हाथ लगाया तो कचहरी में खड़ा करूँगा."

"नाही लावत बापा," सारजाबाई म्हणाली. "तुमच्या कुलपाले कोनी हात लावनार नाही."

मग तिनं काम काढलं. दार चौकटीसकट उपटलं. कडीकोयंडा असलेला फळीचा तुकडा कुलपासकट तेवढा बाजूला काढून ठेवला. दाराच्या जागी कच्च्या विटा रचल्या, गिलावा केला, सारवलं, वर चुन्याची दोन बोटं ओढली. नवं दार उजवीकडे, आमच्या ओट्यासमोर पाडलं. हे चालू असताना सासूबाई जपमाळ घेऊन ओट्यावर बसून होत्या. त्या कधी नव्हे ते आपणहून म्हणाल्या, "कोपरा जरा वाकडा आलाय गं." वीतभर जागा जिथल्या तिथं, पुन्हा वीतभर.

मुनीम परत आला तो दोन माणसं घेऊन. गल्लीत शिरला, आमच्या घरापुढून गेला, टोकापर्यंत जाऊन परत आला. पुन्हा गेला. पगडी काढून डोकं पुसलं. दार होतं तिथं सपाट भिंत, आणि भिंतीच्या मधोमध एका खुंटीवर फळीच्या तुकड्याला त्याचं पितळी कुलूप लटकत होतं, बंदच्या बंद. सामान ओसरीवर नीट रचून ठेवलेलं. सारजाबाई छपरावरून म्हणाली, "पाहून घ्या मुनीमजी, कुलपाले चिखलाचा डागबी नाही." त्यानं सामान उचललं. कुलूप न्यायलाही तो थांबला नाही. पुढं कित्येक महिने त्या कुलपाला लहान पोरं हळदकुंकू वाहत.

त्यानंतरचे भाडेकरू म्हणजे तारमास्तर गोविंदराव आणि त्यांची बायको यशोदा. दोघं इतकी नवीन नवीन की एकमेकांशी बोलतानाही लाजायची. त्या वर्षी कुटार मिळेना. गाड्यांना जुंपायला जिकडेतिकडे बैलच बैल झाले होते आणि कुटाराची काडी न् काडी त्यांच्या पोटात जात होती. बिनकुटाराचा गिलावा तडकतो. पण सारजाबाई अडून बसणारी नव्हती. कापसाच्या बाजारात सांडलेलं, तुडवलेलं कापसाचं कचकूल, म्हणजे केरकचरा, झाडून आणलं पोतीभर, आणि तेच मातीत घातलं. भिंती अशा मऊसूत झाल्या की तिनं स्वतःच त्यांना गाल लावून पाहिला.

तिच्या लक्षात आलं नाही ते एवढंच की त्या कचकुलात सरकी होती. आठवडा गेला. 'सासू' नेहमीप्रमाणे ओलसर होतीच. एका सकाळी यशोदा धावत आमच्याकडे आली. माझा हात धरून ओढू लागली. मी गेले. उत्तरेच्या भिंतीतून दोन दोन पानांची हिरवीगार रोपं बाहेर आली होती. एक नव्हे, दोन नव्हे, जमिनीपासून कोनाड्यापर्यंत अख्खं शेत उगवलं होतं. तारमास्तर अंगावर पंचा घेऊन त्याकडे पाहत उभे, जणू कुठली तार आली आहे आणि तिचा अर्थ लागत नाही.

आपली चूक झाली हे सारजाबाईला दिसताक्षणीच कळलं असणार. पण ती कबूल करेल तर सारजाबाई कसली? कमरेवर हात ठेवून तिनं भिंत न्याहाळली आणि म्हणाली, "घ्या! लोकाईचे वावरं पिकतेत, तुमचं घर पिकलं. याच्याहून चांगला शकुन पाह्यजे काय?"

"पण आजी, हे काढायचं कसं?" यशोदेनं विचारलं.

"काढू नको माय. पानी दे."

आणि त्या वेड्या पोरीनं खरंच पाणी दिलं. तारमास्तरही कचेरीतून आले की आधी भिंतीपाशी जायचे. काही दिवसांनी रोपं आपली आपण सुकली, पण तोवर त्या दोघांना आपसात बोलायला विषय मिळाला होता. पुढं त्यांना मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवावं यावर गल्लीत बराच खल झाला. 'सरकी' हे सारजाबाईनं सुचवलेलं नाव मात्र कुणी मनावर घेतलं नाही.

इकडे किसनशेठला कळून चुकलं होतं की आईनं आपल्याला बनवलं. तो दर दोनचार महिन्यांनी गाडी घेऊन यायचा, दाराच्या डावीकडची वीतभर जागा बघायचा, आणि भाकरी खाऊन तसाच परत जायचा. मग त्यानंही डाव टाकला. सारजाबाई भावाच्या लेकीच्या लग्नाला गावाकडे गेली, ते साधून त्यानं अकोल्याहून एक गवंडी पाठवला. यशोदेला वाटलं, आजीनंच पाठवला. गवंडी कसबी होता. त्यानं ती जागा अशी भरली की जोड शोधून सापडेना.

सारजाबाई परतली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच किसनची गाडी उभी, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. आम्ही सगळ्या ओट्यांवर. ती दारापाशी आली, डावीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बाईला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. घर गेलं, गोदाम झालं, असं वाटून गेलं.

"माय, घर पुरं झालं," किसन म्हणाला. "अंबामायची आन हाय. बस गाडीत."

तिनं तळहात भिंतीवर ठेवला. ठेवला आणि दाबला. हात उचलला तर पाचही बोटं भिंतीत उमटलेली.

"ओलं हाय," ती म्हणाली. चेहऱ्यावर रक्त परत आलं. "ओलं काम पुरं म्हनतेत काय, जोशीबुवा?"

झालं. दोन्ही बाजूंनी आमच्या यांना घेरलं. यांनी पंचांग मागवलं. पंचांगात गिलाव्याविषयी काही असण्याचा संभव नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि गल्लीलाही. तरी बरीच पानं उलटून, गंभीर चेहरा करून ते म्हणाले, "ओली भिंत म्हणजे ओली बाळंतीण. बारा दिवस गेल्याशिवाय तिच्या कशालाच नाव ठेवता येत नाही." किसन तक्रार करायला वळला, तोवर सारजाबाईनं निकालाची वाट न पाहता ती जागा दहा नखांनी साफ खरवडून काढली होती. कच्च्या विटा पुन्हा जगाकडे बघू लागल्या.

किसन क्षणभर लालबुंद झाला आणि मग हसला. पोरगा शेवटी तिचाच. जाताना तिनं त्याला घट्ट धरलं, त्याच्या रेशमी अंगरख्याला पाठीवर दोन चिखलाचे हात उमटले, आणि तो तसाच अकोल्याला गेला.

मग ती लढाई संपली. बातमी तारेनं आली, म्हणजे आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आधी ती तारमास्तरांना कळली. कोण जिंकलं ते आम्ही विचारलंही नाही. आम्हाला कळलं ते एवढंच की कापूस पडला. मुंबईचे दलाल आले तसे गेले. बैल पुन्हा गोठ्यात आले. तारमास्तरांची बदली नागपूरला झाली; यशोदा निघताना सारजाबाईच्या गळ्यात पडून रडली. आमचंही अमरावतीतलं बिऱ्हाड उठायच्या बेतात होतं. यांच्या मामांमागं पातूरच्या देवळाची पूजा यांच्याकडे आली होती, आणि मी भांडी पोत्यात भरत होते.

त्याच दिवसांत एका दुपारी एक गाडी आली. साधी, बिनछपराची. बैलांची शिंगं उघडी. गाडीत वळकट्या, एक जातं, किसनची बायको कौतिका, दोन पोरं. किसन पायी चालत होता. बोटांत अंगठ्या नव्हत्या, कानात भिकबाळी नव्हती. तो घरासमोर येऊन उभा राहिला आणि त्याला वर बघवेना.

सारजाबाई छपरावर होती. तारमास्तर गेल्यावर घराला हात दाखवणं चाललं होतं, शेवटचे कवेलू राहिले होते. तिनं गाडी पाहिली, वळकट्या पाहिल्या. मला वाटलं, आता ही खाली उडी टाकते. पण ती जागची हलली नाही. वरूनच, कुणाही परक्याला विचारावं तसं तिनं विचारलं, "काय पाह्यजे?"

"जागा," तो म्हणाला.

"मानसं किती?"

"चार."

"बायको भांडते काय?"

कौतिकेनं पदर तोंडाशी धरला. ती रडत होती का हसत होती, मला दिसलं नाही. "नाही भांडत," किसन म्हणाला.

"अकोल्याचं घर काहून सोडलं?"

तो बैलाच्या मानेवरचं जू चाचपू लागला. मला सारजाबाईचा राग आला. पोटच्या पोराला किती सोलायचं? तेवढ्यात ती शिडीवरून उतरली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ओसरी नुकतीच सारवलेली, ओली. किसन पाणी घटाघटा प्यायला. मग रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून तो तसाच उभा राहिला, आणि कुठं ठेवू म्हणून आईकडे बघत राहिला. सारजाबाईनं डोळे पुसले. तंबाखूनं ठसका लागला, असं ती नंतर मला म्हणाली.

मग तिनं चिखलाची पाटी पुढं सरकवली. "एवढी जागा राह्यली हाय. लाव."

"माय, थे बाबाची..."

"बाबाचीच हाय. लाव."

त्यानं बाह्या सारल्या आणि हात चिखलात घातले. पहिला गोळा खाली पडला. कितीतरी वर्षांत त्या हातांनी माती धरली नव्हती. दुसरा बसला. तो हातानं फिरवत राहिला, फिरवत राहिला, जागा केव्हाच भरली होती तरी त्याचा हात भिंतीवरून निघेना. जपमाळ ओढणाऱ्या सासूबाईसुद्धा थांबल्या होत्या. गिलावा वाळेपर्यंत सारजाबाई पोरांना मांडीवर घेऊन तिथंच बसली, ऊन भिंतीवरून सरकेपर्यंत. मग उठून तिनं भिंतीवर तळहात ठेवला. बोट उमटलं नाही.

"घर पुरं झालं," ती म्हणाली.

किसन दचकला. "माय, थे शपथ आता राहू दे. अकोल्यात काही नाही राह्यलं."

"राहू कशी देऊ? अंबामायची आन हाय."

ती मागच्या खोलीत गेली. आम्ही ऐकत राहिलो. भांड्यांचे आवाज, कडी लावल्याचा आवाज. मग ती परसदारानं बाहेर पडली, डोक्यावर गाठोडं, हातात थापी. मागच्या बोळानं सबंध वळसा घालून गल्लीच्या तोंडातून आत आली. आमच्या ओट्यापुढून गेली, पण आमच्याकडे बघितलं नाही. लांबून प्रवास करून आलेल्या पाहुणीसारखी सरळ समोर बघत चालत होती. आपल्याच घराच्या पुढच्या दाराशी जाऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"किसन्या," ती म्हणाली, "तुह्या घरी राहाले आली. मायले आत घेतो काय?"

कौतिका आधी भानावर आली. आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन धावत आली, सासूवरून ओवाळून टाकलं, पायांवर पाणी घातलं. किसन उंबऱ्यातच खाली बसला आणि त्यानं आईच्या पायांना मिठी मारली. मी रडले. सासूबाई रडल्या. यांना पंचांग हवं होतं म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दोनच दिवसांनी आम्ही पातूरला निघालो. गाडी सामानानं इतकी फुगली होती की पुढच्या गल्लीतून वळेना, म्हणून मागच्या बोळानं काढली. सारजाबाईच्या परसदारापाशी आलो तर आतून खरडल्याचा आवाज येत होता. मी गाडी थांबवायला लावली. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, सारजाबाई काचा खोचून भिंतीला भिडलेली, गिलाव्याचे पापुद्रे खाली पडत होते.

"हे काय करून राह्यल्या?" मी विचारलं. या वेळी माझ्या बोलीला ती हसली नाही.

"हे खोली रिकामी झाली नं, सूनबाई. भाड्यानं द्या लागीन." तिनं बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली, कान लावला आणि मान हलवली. "मागली भाडेकरीन लय तोंडाळ होती. तिची सारी बोलनी बसली हायेत आत. थे खरडून राह्यली."